काळी चार

नगरच्या वाद्यांच्या दुकानात आम्ही तिघं उभे होतो. हे, म्हणजे माझा नवरा महेंद्र, आमची पोरगी संस्कृती आणि मी. राहुरीच्या घराच्या मागच्या खोलीचा यांनी फोम लावून स्टुडिओ केलाय. तिथं आता पोरीची गाणी रेकॉर्ड होणार. माझी कधी झाली नाहीत. जयंतीच्या स्टेजवर यांच्या कीबोर्डमागं ताणून गाता गाता माझ्या घशात गाठी झाल्या. अजून लोक विचारतात, सर्दी झालीय का?

कारण साधं आहे. यांची बोटं फक्त काळी एक या पट्टीत, पहिल्या काळ्या सुराला सा धरून, चालतात. ती पुरुषांची पट्टी. तिथं बाईनं एक तर घोगरं गावं, नाहीतर किंचाळावं. लग्नानंतर पहिल्याच रियाजाला मी सांगितलं होतं, माझी पट्टी काळी चार आहे. हे म्हणाले, गाणाऱ्यानं वाजवणाऱ्याच्या मागं यायचं असतं. वर चारचौघांत सांगायचे, हिचा आवाज चढत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

दुकानदारानं दोन वस्तू दाखवल्या. एक डिजिटल पियानो, पलंगाएवढा लांब. तो खोलीत मावणार नव्हता. दुसरा, कीबोर्डसारखाच दिसणारा छोटा कंट्रोलर. यांनी त्याच्यावर ऐटीत बोटं फिरवली, तर आवाजच नाही. बिघडलाय, म्हणाले. दुकानदार हसू दाबून म्हणाला की हा लॅपटॉपला जोडल्याशिवाय वाजत नाही. त्यानं जोडून दिला आणि हे काळी एकमध्ये सुटले.

संस्कृती सोबत गायला लागली. दुसऱ्याच ओळीला तिच्या मानेच्या शिरा ताणल्या. घसा दुखला माझा. दुकानदारालाही ते दिसलं. तो म्हणाला, पोरीला ही पट्टी झेपत नाही. हे बटण दाबा, बोटं तीच ठेवा, पट्टी आपोआप बदलते.

मी यांच्याकडं पाहिलं. यांना नवल वाटलेलं दिसेना.

"तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय. आपल्या जुन्या कीबोर्डलाबी हाय की."

"मग?"

"स्टेजवर बटन दाबलं असतं, तर लोक म्हनले असते, म्हेंद्रला वाजवता येत न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं सरळ सांगितलं, की भांडायलाही जागा ठेवली नाही.

दुकानदारानं बटणावर बोट ठेवून पोरीला पट्टी विचारली. मम्मीची तीच माझी, ती म्हणाली. तो यांच्याकडं वळला. हे माझ्याकडं वळले.

"काय गं, तुझी पट्टी कोनती?"

संसार झाला, पोर कॉलेजात गेली, आणि हा माणूस आत्ता विचारत होता.

"काळी चार," मी म्हणाले. "हुती."

त्यानं बटण दाबलं. यांची बोटं जागची हलली नाहीत आणि संस्कृतीचा आवाज मोकळा झाला. माझा असाच होता. पोटच्या पोरीचा मला हेवा वाटला, आणि त्याची लाजही वाटली नाही.

हे डोळे मिटून मान डोलवत होते. हाच घेऊ, म्हणाले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सीमा, तू हिच्या मागं कोरस दे."

"कशानं देऊ?" मी विचारलं.

यांना ते ऐकू गेलं नाही. हे बटण दाबून बघत होते.