पडदेवाल्या बाईंचा कॉम्प्युटर

पडदे शिवणाऱ्या बाईंचा लेक फोनवर असा बोलायचा, जणू शब्दाशब्दाला भाडं पडतंय. "जेवलास का?" "हो." "झोप लागते का?" "लागते." "आणि काय म्हणतोस?" "काही नाही. ठेवतो."

पण तोच लेक कॉम्प्युटरवरच्या खेळात भेटला की त्याची जीभ सैल सुटायची. खेळ साधाच, खेळता खेळता एकमेकांशी बोलताही यायचं. माळावर दोघांनी मिळून घर बांधायचं, लाकडं तोडायची, कुंपण घालायचं. त्यानेच तो दुरून, न कंटाळता आईला शिकवला होता. डोळे समोरच्या फळीवर असले की पोराच्या पोटातलं आपसूक ओठावर येई. बायको सोडून गेल्यापासून रात्र रात्र डोळा लागत नाही, डॉक्टरांकडे जातोय, हे बाईंना कुंपणाच्या खुंट्या ठोकता ठोकताच कळलं होतं. शिलाई मशीनवर बसल्या की त्या गुणगुणायच्या:

लेकाच्या मनाला गं, कडी आतून लावली
हाताला काम देता, हळूच उघडली

आणि मग त्या जुन्या कॉम्प्युटरने एके दिवशी जळका वास सोडून मान टाकली. पुन्हा फोन आला, पुन्हा 'बरा आहे' आलं. पोकळ मडक्यावर टिचकी मारावी तसं ते 'बरा आहे' बाईंच्या कानात वाजत राही. त्यांनी पडद्यांतून बाजूला टाकलेली पुंजी काढली. लेकाला कळू दिलं नाही. सांगितलं असतं तर 'राहू दे गं आई' म्हणाला असता, आणि राहूनच गेलं असतं.

"लोक या वयात गुडघे बदलतात," नवरा म्हणाला, "तू कॉम्प्युटर बदल."

"गुडघ्यांना काय धाड भरलीये? तुमच्यामागे धावून चांगले घट्ट झालेत."

दुकान एका पोरगेल्या बाईचं होतं. चष्मा डोक्यावर चढवून तोच टेबलावर शोधणारी. "नातवासाठी का, काकू?"

"माझ्यासाठी."

दुकानवालीने चष्मा खाली ओढला आणि नीट बघितलं. मग बाईंनी खेळ सांगितला, पुंजी सांगितली, आणि का कोण जाणे, लेकही सांगितला. ती हसली नाही, हळहळलीही नाही. स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बसा. पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही, ते बघू."

प्रोसेसर तिने मागच्या पिढीचा काढला. खेळाला तेवढा पुरतो म्हणाली. रॅमच्या दोन पट्ट्या घेतल्या. सगळ्यांत स्वस्त पॉवर सप्लायकडे बाईंचा हात गेला, तर तो तिने सरळ फळीवर परत ठेवला. "इथे काटकसर नको. हा एकटा मरत नाही, घरच्या सगळ्यांना घेऊन जातो."

"आणि हे रंगीत दिव्यांचे पंखे?"

"दिव्यांनी खेळ पळत नाही, काकू. दिव्यांनी फक्त दुकान चालतं."

असं स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडून बोलणारं माणूस भेटणं हेही नशीबच, असं बाईंना वाटलं. वाचलेला सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात गेला, कारण पडद्यावरचं चित्र तेच काढतं. कार्ड वापरलेलं, पण दुकानात चालवून तपासलेलं. पेटी म्हणून मागे धूळ खात पडलेला एक जुना पोलादी कॅबिनेट तिने जवळजवळ फुकटच दिला.

"कार्ड लांब आहे हं. मावेल ना?"

बाईंच्या गळ्यात टेप होतीच. आयुष्यभर खिडक्या मोजल्या त्याच सवयीने त्यांनी कॅबिनेट बाहेरून मोजला. "चार बोटं जागा उरतेय. आरामात बसेल." तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. शिवणाऱ्या हाताचं माप म्हणून दुकानवालीनेही मान डोलावली.

खिडकीला आतली बाजू नसते. कॅबिनेटला असते. दुकानवालीने कागदावर काढून दिलं होतं तसं घरी सगळं जोडून झाल्यावर बाई कार्ड बसवायला गेल्या, तर ते पुढच्या बाजूला आतल्या पत्र्याच्या पिंजऱ्यावर आपटलं. बाईंनी तिरपं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं. दोन बोटांची जागा काही निघेना.

दुकानवाली फोनवर ओशाळली. "चूक माझीही आहे. कार्ड परत आणा, घेते मी. पण या पैशांत जे आखूड मिळेल, ते तुमचा खेळ ओढणार नाही. मोठा कॅबिनेट घ्यायचा तर पुंजी पुरायची नाही."

बाई पदराने हात पुसत नुसत्या बसून राहिल्या. समोर कार्ड आणि कानात ते पोकळ 'बरा आहे'.

नवरा आयुष्यभर कारखान्यांच्या हवेसाठी पत्र्याचे नळ वळवत आलेला माणूस. कॉम्प्युटरच्या वाऱ्याला न उभा राहणारा. तो वाकून आत डोकावला. "हा पिंजरा कशाला?"

"जुन्या हार्ड डिस्क ठेवायचा. आता लागत नाही. आपली ती चपटी, बोर्डावरच बसते."

"मग बिनभाड्याचा भाडेकरू का ठेवलाय? रिवेटवर तर बसलाय. काढतो."

"थांबा. आधी सगळं बाहेर काढते. पत्र्याचा एक कीस आत राहिला तर बोर्ड जाईल."

"चल, आता मला पत्रा शिकव."

पण तो थांबला. बाईंनी बोर्ड त्याच्या खोक्यात निजवला. नवऱ्याने ड्रिलने रिवेटची डोकी उडवली, पिंजरा सोडवला, राहिलेल्या कडेवर कानस फिरवली आणि अंगठा फिरवून पाहिला. पुन्हा कानस. पुन्हा अंगठा. बिघडलं तर बिघडलं, असं एकदाही म्हणाला नाही. बाईंनी कुंचल्याने कोपरान् कोपरा झाडला. कार्ड आत सरकलं आणि खट् करून बसलं.

संध्याकाळी लेक खेळात आला. घर तसंच होतं, कुंपण अर्धं.

"आई? तू? अगं, कशावरून आलीस?"

"सांगते मग. आधी त्या फळ्या इकडे आण."

त्याने आणल्या. पहिल्या दोन खुंट्या मुकाट्याने ठोकल्या गेल्या. तिसरीला तो म्हणाला, "आई, मध्ये फार वाईट गेले दिवस. तुला फोनवर सांगवलं नाही."

"हं," बाई म्हणाल्या आणि पुढची फळी धरून उभ्या राहिल्या. बोलत्या माणसाच्या वाटेत येऊ नये, एवढं त्या शिकल्या होत्या. तो बोलत राहिला. कामावरचं, रात्रींचं, डॉक्टरांनी बदललेल्या गोळीचं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"ती चौथी खुंटी वाकडी लागलीये," नवरा म्हणाला. "सांग त्याला."

नवऱ्याचा आवाज पलीकडे लेकापर्यंत पोचला होता. "बाबा बघतायत?"

"तेच कारागीर आहेत या कॉम्प्युटरचे."

"मग बाबा," लेक हळूच हसत म्हणाला, "तुम्हीच सांगा ना, कुठून उपटू?"

बाई उठल्या आणि नवऱ्याला आपली खुर्ची दिली.