याकोमिनाची शिस्त

माझी धाकटी बहीण दिंगेना आणि तिचा नवरा क्राइन आमच्या शेजारीच, समुद्राच्या बांधाला लागून राहत. क्राइन सुतार होता. शिंपले काढायच्या होड्या दुरुस्त करायचा. गडी हसरा. रविवारी काळा कोट घालून देवळात बसला तरी लहान पोरांना हळूच पेपरमिंट देताना डोळा मारायचा.

आमच्या चर्चच्या मंडळीत लस घेत नसत. आजार देणारा देवच, बरं करणारा तोच, मग त्याच्या हाताआड आपण कशाला यायचं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. दरवर्षी नर्सबाई लस घेऊन यायच्या, कॉफी प्यायच्या आणि निघून जायच्या.

त्या उन्हाळ्यात त्यांची थोरली मुलगी याकोमिना खाडीत पोहून आली आणि मान दुखते म्हणाली. मग ताप चढला. एके सकाळी ती पलंगावरून उतरायला गेली ती जमिनीवर कोसळली. पोलिओ होता. शहरातल्या इस्पितळात तिला श्वासाच्या यंत्रात ठेवलं. श्वास परत आला, पाय आले नाहीत. पोर तेव्हा आठ वर्षांची होती.

मंडळीतले वडीलधारे ह्युब्रेख्त भेटायला आले. त्यांची स्वतःची दोन मुलं समुद्रात बुडून गेलेली. माणूस कठोर नव्हता. क्राइनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "परक्याच्या पोराला कोणी कान धरून वळण लावत नाही, क्राइन. आपल्याच पोराला लावतात. देवानं तुला धरलंय, म्हणजे तू त्याचा आहेस."

क्राइन ओक्साबोक्शी रडला. पोर पडल्यापासून पहिल्यांदाच. बुडत्याच्या हाताला दोर लागावा तसं ते वाक्य त्यानं धरलं.

दिंगेना कॉफी ओतत होती. किटली खाली न ठेवताच तिनं विचारलं, "धरलं याला, मग पाय तिचे का घेतले?"

ह्युब्रेख्तनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही, पोरी. माझी मुलं गेली तेव्हा मीही हेच विचारायचो."

"मग काय उत्तर मिळालं?"

"उत्तर नाही मिळालं. विचारणं तेवढं थांबलं."

त्यानंतर क्राइन स्वतःचं पाप शोधायला लागला. आधी चिलीम सोडली. होड्यांसाठी हवामानाचे अंदाज ऐकायला ठेवलेला रेडिओ देऊन टाकला. मग जेवताना हसणं बंद झालं. आपण सुधारलो की देवाचा हात सैल होईल, असं त्याला वाटत असावं. तो देवावर चिडला असता तर दिंगेनाला बरं वाटलं असतं, असं ती मला म्हणाली. पण तो चिडत नव्हता. तो आभार मानायचा. रोज जेवणाआधी, मोठ्यानं, पोरीच्या देखत.

याकोमिना पायांना लोखंडी पट्ट्या लावून घरी आली. मोठ्यांचं बोलणं तिच्या कानावर पडतच होतं. एका शनिवारी दुपारी क्राइन तिच्या पट्ट्यांचे बंद आवळत होता. मी खिडकीशी बटाटे सोलत होते. ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, मी आता खोटं बोलत नाही. रविवारी काम करायचं नाही म्हणून बाहुलीचे कपडेसुद्धा शिवत नाही. अजून किती दिवस?"

"कशाचे?"

"शिक्षेचे."

ही शिक्षा नाही, शिस्त आहे, असं त्यानं तिला सांगितलं. बाप रागावून शिस्त लावत नाही, प्रेमानं लावतो. तिनं नीट ऐकून घेतलं.

"मग मी चांगली झाले की पाय परत देईल ना?"

 बंद क्राइनच्या हातात तसाच राहिला. त्याचा चेहरा पाहून पोरच घाबरली आणि त्याची समजूत घालायला लागली. "रडू नका बाबा. मी आणखी चांगली वागेन."

पुढच्याच आठवड्यात त्यानं काही न सांगता गाडी काढली आणि दिंगेनाला म्हणाला, धाकटीला, तान्ह्या लेनाला, घे. नर्सबाईंच्या दवाखान्यासमोर थांबला. स्वतः उतरला नाही. दिंगेना लेनाला आत घेऊन गेली. लस देऊन परत आली तेव्हा तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता.

"मी पाप केलं," तो म्हणाला.

"मग ते माझ्या नावावर घाल."

"तसं घालता येत नाही, दिंगेना."

त्यानं स्वतःच जाऊन मंडळीला सांगितलं. प्रभूच्या भोजनाला, देवळातल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, त्याला बसू देऊ नये, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत ह्युब्रेख्तही होते, आणि दुसऱ्या दिवशी कॉफीलाही तेच आले. क्राइन त्यांच्यावर रागावला नाही. तो शेवटच्या बाकावर बसायला लागला. इतरांच्या हातात भाकर जाताना मान खाली घालायचा. पेपरमिंट खिशातच राहायची.

लेना धडधाकट वाढली, बांधावरून धावायची. ती धावताना क्राइन तिच्याकडे बघत नसे. शेवटच्या आजारपणात त्यानं मला विचारलं, शिस्त लावून झाल्यावर बाप पोराला जवळ घेतो ना? मी हो म्हटलं. मला दुसरं काय म्हणता येणार होतं? मार्चमध्ये तो गेला. देवानं जवळ घेतलं की नाही, ते त्यालाच ठाऊक.

दिंगेना आता देवळात जात नाही. याकोमिना जाते, चाकांच्या खुर्चीतून, वारा असला तरी. परवा ती माझ्याकडे आली होती. ते सगळं प्रेमानंच झालं असं तुला खरंच वाटतं का, असं मी तिला विचारलं. आई समोरच बसली होती.

"वाटावंच लागतं, मावशी," ती म्हणाली. "नाहीतर नुसतेच पाय गेले."

दिंगेना उठली आणि कप विसळायला आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता.