डाव्या पंखातली पाच बोटं

आमच्या ह्यांनी नऊ वर्षं खपून विमान बांधलं आणि एकदाही उडवलं नाही. शेवटचा उन्हाळाभर नुसती कारणं. आज वारा आडवा आहे, आज ढग खाली आहेत. मी तोंडाची फटकळ. ऑगस्टमध्ये हँगारमधल्या सगळ्या मित्रांसमोर म्हटलं, "अहो, नुसते भित्री भागूबाई आहात!" मित्रांना कळावं म्हणून जर्मनमध्येही सांगितलं. हे हसले आणि फडकं घेऊन पंख पुसत बसले. नोव्हेंबरात हार्ट अटॅकने गेले.

आता एप्रिल. कायझर्सलाउटर्नजवळच्या त्याच हँगारमध्ये मी विमान विकायला उभी होते. पैशांसाठी नाही हो. मला ते एकदा, एकदाच, आकाशात बघायचं होतं. घ्यायला योनास नावाचा तरुण आला होता आणि सोबत क्रेमर नावाचे त्याचे तपासनीस. कुणी घरी बांधलेलं विमान विकत घ्यायचं तर नुसतं इंजिन सुरू करून भागत नाही. बांधणीची वही बघतात. पंखासारखा भाग बंद करण्याआधी आतून कुणी तपासला, त्याची सही लागते.

ह्यांची वही म्हणजे काय विचारता! रिव्हेटन् रिव्हेटची नोंद, सुबक जर्मनमध्ये. क्रेमर मान डोलावून "गेनाऊ, गेनाऊ" करत पानं उलटत होते आणि मी उगाच फुशारत होते. शेवटच्या पानावर ते थांबले.

"आल्झो, फ्राऊ साठे, ही कुठली भाषा? वाचून दाखवाल?"

मराठी होतं. मी आधी मनात वाचलं.

'१४ मे. डाव्या पंखाच्या मुख्य कण्याला गंज. शोभनाने हळदीकुंकू लावलं तीच जागा. कुंकवातला चुना आणि इथली ओल. पंख उघडून कणा बदलेपर्यंत उडवायचं नाही. शोभनाला सांगायचं नाही.'

खाली वेगळ्या शाईत: 'ऑगस्ट. आज भागूबाई म्हणाली. म्हणू दे.'

दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांची पूजा करतात तशी आम्ही दरवर्षी विमानाची करायचो. त्या वर्षी तपासणीची सही झाली होती, पंख दुसऱ्या दिवशी बंद व्हायचा होता. मी उघड्या ॲल्युमिनियमवर ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली आणि बजावलं, "पुसू नका हं, शकुन असतो." बोटाचा डाग दिसला तरी स्पिरिट घेऊन धावणारा माणूस! पण माझ्या शब्दाखातर तसाच पंख बंद केला.

योनास विमानात बसून दांडा हलवून बघत होता, एकटाच हसत होता. 'पूजेचं काहीतरी लिहिलंय' एवढं म्हटलं असतं तर? इथे मराठी कोण वाचणार होतं? विमान उडालं असतं. मी खालून बघितलं असतं.

मी मेची नोंद शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितली. ऑगस्टची ओळ नाही सांगितली. ती माझी होती.

क्रेमरनी पंखाच्या झाकणातून बारीक कॅमेरा आत सरकवला. पडद्यावर ॲल्युमिनियमच्या गंजाच्या पांढऱ्या भुकटीचे पाच पट्टे दिसले.

"हे काय आहे?" योनासने विचारलं.

"माझी बोटं," मी म्हटलं.

त्याने माझा हात हातात घेतला, "डांके" म्हणून आभार मानले आणि दोघं गेले. मी तिथेच स्टुलावर बसले. फडकं अजून पंखावरच होतं, ह्यांनी घडी घालून ठेवलेलं.

"अहो, सांगायचं होतंत हो," मी मोठ्याने म्हटलं. "रडले असते, भांडले असते, चार दिवस जेवले नसते. पण चारचौघांत तुम्हाला भागूबाई तरी म्हटलं नसतं."