चढावरचा काटा

ट्रक चढावर तापतो, एवढीच तक्रार होती. पण तिच्यापायी सासरा आणि जावई दोन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि बघावंच लागलं तर दोघांचीही तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी व्हायची.

ट्रक मूळचा सासऱ्याचा. तीस वर्षं चालवला, नजर अधू झाली तेव्हा जावयाच्या हवाली केला, आणि केला त्या दिवसापासून पस्तावला. माल भरून जावई चढाला लागला की पाण्याच्या तापमानाचा काटा सरकत सरकत लाल पट्ट्यात जायचा आणि रेडिएटरच्या टोपणाखालून वाफ फुसफुसायची. जावयाने रेडिएटर धुऊन घेतला, पाण्याचा पंप बदलला, पंख्याचा पट्टा बदलला, टोपण नवं आणलं. सुट्टीचा एक दिवस म्हणून त्याने घरात घालवला नाही, सगळे ट्रकखाली पाठीवर पडून गेले. आणि सासरा येऊन, मुद्दाम लेकीसमोर, म्हणायचा, "माझ्या हातात होती तोवर कधी साधी शिंकली नाही हो गाडी. हातच वाईट, त्याला गाडी काय करणार?" बायको मान खाली घालून कपडे घडी करत बसायची. ते जावयाला जास्त लागायचं.

शेवटी गेल्या आठवड्यात त्याच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्याने पैज घातली. गाडी मिस्त्रीकडे न्यायची. दोष चालवण्याचा निघाला तर ट्रक त्याच संध्याकाळी सासऱ्याच्या दारात लावायचा आणि आपण दुसऱ्याच्या गाडीवर नोकरी धरायची.

"आणि माझा नाही निघाला, तर तुम्ही स्वतःच्या तोंडाने तुमच्या लेकीला सांगायचं, मामा. दोष ह्याचा नव्हता म्हणून."

"सांगेन की, जावईबापू," सासरा म्हणाला. "वेळच येणार नाही."

मिस्त्री बोलायला कंजूष माणूस. त्याने बॉनेट उघडलं, होस पाइप दाबून पाहिले, मापाच्या दांडीवरचं ऑइल बोटांत चोळून पाहिलं. ऑइलात पाणी नव्हतं, पाण्यात ऑइल नव्हतं. गॅस्केट शाबूत होतं, म्हणजे तापवून इंजिन जाळलेलं नव्हतं. जावयाने सोडलेला श्वास सासऱ्याला ऐकू गेला असावा, कारण तो लगेच म्हणाला, "चुकीच्या गिअरमध्ये रेटतो हा. तुम्ही लिहून घ्या."

"मी लिहून घ्यायला बसलोय का इथे?" मिस्त्री म्हणाला. मग जावयाकडे वळून त्याने विचारलं, "सकाळी चालू केल्यावर गरम व्हायला किती वेळ घेते?"

"खूप. अर्धा-अर्धा तास काटा जागचा हलत नाही."

"अर्धा तास?" सासऱ्याला राहवलं नाही. बढाई मारायची संधी त्याने आयुष्यात कधी सोडली नव्हती. "माझ्या वेळेला तासभर हलायचा नाही! बर्फासारखी थंड गाडी ठेवली होती मी. शेवटची पंधरा वर्षं!"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "तुमच्या वेळेपासून?"

"मग सांगतोय काय!"

मिस्त्री पुन्हा बॉनेटखाली वाकला. इंजिनावरचा, जाड होसच्या तोंडाशी असलेला लोखंडी कप उघडला आणि जावयाला बोलावलं. आत थर्मोस्टॅट असायला हवा होता. मुठीत मावेल एवढा वॉल, म्हणजे झडप, इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद ठेवणारा आणि तापलं की उघडणारा. तिथे काहीच नव्हतं. नुसती रिकामी खाच, आणि तिच्यावर वर्षानुवर्षांच्या क्षाराचा पांढरा थर.

"लोकांना वाटतं, हा काढला की गाडी थंड राहते," मिस्त्री म्हणाला. "रिकामी गाडी राहतेही. पण हा उघडतो तेव्हा बाजूची आडवाट बंद करतो. हाच नसला तर अर्धं गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं. भरलेल्या गाडीला चढावर ते झेपत नाही. आणि हा थर दोन वर्षांतला नाही."

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. सासरा गॅरेजच्या भिंतीवरचे टायर मोजत होता.

मिस्त्रीने नवा वॉल किटलीतल्या उकळत्या पाण्यात सोडला, तो उघडतो हे दोघांना दाखवलं आणि मग बसवला. "भरलेली आहे ना? चढाला घेऊन जा," म्हणाला.

ट्रकमध्ये मागे फरशा होत्या, शेजारच्या सीटवर सासरा. चढ लागला. काटा मधोमध येऊन जो थांबला तो थांबला. जावई दुसऱ्या गिअरमध्ये सरळ वर निघाला. अर्ध्या चढावर, जिथे रस्ता जरा रुंद होतो, तिथे सासरा एकदम म्हणाला, "बाजूला घे इथे."

"का? तापली कुठे?"

"मी इथे थांबायचो."

जावयाने गाडी बाजूला घेतली. "किती वेळ?"

सासरा काचेबाहेर पाहत राहिला. "अर्धा तास. कधी जास्त."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! तुम्हीच काढलात तो वॉल!"

"अडकला होता एकदा. काढून फेकला. मग तापायला लागली, तेव्हा कुणाला सांगू की मीच फेकला म्हणून?" सासऱ्याचा आवाज चढला. "आणि तू विचारलंस कधी? दोन वर्षांत एकदा तरी आलास, मामा तुम्ही हा चढ कसे चढायचात म्हणून? गाडी फुंकली असतीस, पण विचारलं नसतंस!"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून जावई जास्तच चिडला. त्याने बायकोला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन सासऱ्याच्या तोंडासमोर धरला. "बोला. ठरलंय आपलं."

"हॅलो? काय निघालं?" बायकोचा आवाज.

सासऱ्याने दोनदा घसा खाकरला. "दोष ह्याचा नव्हता," तो म्हणाला. "माझा होता. वॉल मी काढला होता."

पलीकडून सुटकेचा मोठा सुस्कारा आला.

"बरं झालं बाबा, तुम्हीच सांगितलंत," ती म्हणाली. "तुम्ही शपथ घातली होतीत म्हणून मी इतके दिवस मूग गिळून होते. ह्यांना गाडीखाली झोपलेलं बघवायचं नाही हो मला."

सासऱ्याने झटकन जावयाकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या नजरेत खुन्नस नव्हती, पण आता त्या ओशाळ्या नजरेचा जावयाला काही उपयोग नव्हता.

"बाबा? ऐकताय ना? हे कुठे आहेत?"

जावयाने फोन सासऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि पहिला गिअर टाकला.