शहाण्णवची कॅसेट

शहाण्णव सालातली सगळ्यात चांगली कॅसेट कुठली, हे आमचं ठरलं नाही, म्हणून शहाण्णव साल संपलं नाही. एकतीस डिसेंबरचं पान फाडलं की खाली एकतीस डिसेंबरच निघतो. आताशा मी पान फाडतच नाही. कंटाळा आला.

सोलापुरात नव्या पेठेत म्हेत्रेंचं कॅसेटचं दुकान आहे. म्हेत्रे, बँकेतले देवस्थळी, गॅरेजवाले काझी आणि मी, असे चौघं वर्षाच्या शेवटच्या दुपारी तिथे जमतो आणि एक कॅसेट निवडतो. चौघांचं एकमत झालं की ती काउंटरमागच्या काचेच्या कपाटात जाते आणि वर्ष मिटतं. आजवर मिटत आलं. यंदा कुणाची दृष्ट लागली देव जाणे.

हट्ट म्हणाल तर कुणाचाच नाही. पण तिघं एका कॅसेटवर आले की चौथ्याचं बिनसतं. सगळ्यांना आवडली म्हणजे तिच्यात काहीतरी कमी असणारच, असं त्याला वाटायला लागतं. मग तो कान खाजवत म्हणतो, "चांगली आहे, पण..." झालं! त्या 'पण'पाशी दिवस मावळतो.

गावाला याची सवय झाली आहे. दूधवाला सायकलवरूनच विचारतो, "ठरलं का हो?" शेजारचे गायकवाडसाहेब एकतीस तारखेला रिटायर व्हायचे होते. ते रोज संध्याकाळी हार घालून घरी येतात आणि सकाळी डबा घेऊन पुन्हा ऑफिसला जातात.

हाल आहेत ते माझ्या बायकोचे. वैजूला डॉक्टरांनी जानेवारीतली तारीख दिली आहे. भरल्या दिवसांची ती बिचारी तशीच घरभर फिरते. पाय सुजलेत, कूस बदलता येत नाही. "अहो, कुठलीही म्हणा ना," ती म्हणते. "मला आता होत नाही." माझ्याच्याने तिच्याकडे बघवत नाही.

बाळ आत वाढतंय. आधी नुसता ठेका धरायचं, मग गुणगुणायला लागलं, हल्ली बोलतंसुद्धा. मी टेपरेकॉर्डर वैजूच्या पोटाशी ठेवून त्याला सगळं ऐकवलं. कुठे तबला उगाच पुढे आलाय, कुठे गायकाने श्वास चोरलाय, हे समजावून सांगितलं. बापाने दुसरं काय शिकवायचं?

एकतीस तारखेला म्हेत्रेंकडे नवा माल येतो. त्यामुळे रोज त्याच कॅसेटी पुन्हा येतात. त्या लावायला म्हेत्रे नवी फळी ठोकतात, आणि दुकान थोडं आत सरकतं. पूर्वी आम्ही खुर्च्यांवर बसून भांडायचो. मग उभ्याने भांडायला लागलो. आता अंग चोरून एकामागे एक उभे राहतो. वाद घालताना समोर फक्त पुढच्याची मान दिसते.

आज वैजू स्वतः आली. दारातच अडकली, पोट दुकानात आणि पाठ रस्त्यावर.

"आज ठरल्याशिवाय मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. "भाऊजी, हात जोडते तुम्हाला." तिला हात जोडायलाही जागा नव्हती.

मग देवस्थळी म्हणाले, "वहिनी, ती गझलांची निळी कॅसेट. माझं झालं."

"निळी," काझी म्हणाले. "मिटवा एकदाचं."

"निळीच," म्हेत्रे म्हणाले.

माझं बिनसलं. निळी चांगली होती, खरंच चांगली होती. 'पण' अगदी जिभेवर आला. तेवढ्यात चपलेत न मावणारी वैजूची पावलं दिसली, आणि मी तो औषधाच्या गोळीसारखा गिळून टाकला.

"निळी," मी म्हणालो.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान आपोआप उचललं गेलं. खाली एकचा आकडा अर्धा दिसला. वैजूने माझा खांदा गच्च धरला. "अहो, कळ आली!" ती म्हणाली, आणि मला रडूच फुटलं. काझी तिथूनच "रिक्षा! रिक्षा!" म्हणून ओरडायला लागले. म्हेत्रेंनी निळी कॅसेट उचलून कपाटाची काच सरकवली.

तेव्हा वैजूच्या पोटातून आवाज आला. शांत, जरा कंटाळलेला, हुबेहूब माझा.

"चांगली आहे, बाबा. पण दुसऱ्या बाजूला ढिली पडते."

पान पुन्हा खाली बसलं. वैजूची कळ थांबली. माझ्या खांद्यावरचा हात तिने काढून घेतला आणि डोळे मिटले.

"मुद्दा आहे," देवस्थळी कौतुकाने म्हणाले.

मी म्हेत्रेंच्या हातातून कॅसेट घेतली, उलटी केली आणि टेपमध्ये घातली.