भिंतीतले भावोजी

भावोजी जाऊन दोन महिने झाले आणि ताईनं ते मीटर मागवलं. विजेच्या तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं साधं यंत्र. पण खोक्यावर छापलं होतं, 'घरातलं अदृश्य अस्तित्व ओळखा'. धाकटा भाऊ वायरमन, म्हणून खरंखोटं करायला तिनं त्यालाच बोलावलं.

निजायच्या खोलीतल्या भिंतीला मीटर लावलं, तर पाचही दिवे लागले, शेवटचा लालभडक. ताईच्या डोळ्यांना धार लागली.

"हेच ना रे?"

वायरमनला तेव्हाच उमगलं होतं. पाण्याच्या मोटरीची तार त्याच भिंतीतून खाली जायची, आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं नुकतंच बटण दाबलं असणार. पण दोन महिने ताईच्या पोटात धड अन्न नव्हतं. तो बोलून गेला, "भावोजीच. दुसरं कोण?"

त्या दिवशी ताई पोटभर जेवली. मग भिंतीला विचारल्याशिवाय तिचं पान हलेना. लाल दिवा म्हणजे हो. पडदे आज धुवायचे का, दार उघडायचं का, सगळं तिथंच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचंही तिनं विचारलं. दिवा लागला नाही.

"हे नको म्हणतायत," तिनं डॉक्टरांना कळवूनही टाकलं.

वायरमनच्या तोंडचं पाणी पळालं. तो शिंप्याकडे गेला.

"उद्या चारला मोटर लावा. टाकी भरलेली असली तरी."

शिंप्यानं ओठांत धरलेली टाचणी काढली. "मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालताय. पुढं निस्तराल ना?"

"एवढं एकदाच."

चारला त्यानं ताईला पुन्हा विचारायला लावलं. दिवा लागला, ऑपरेशन झालं. घरी पट्टी सुटली आणि ताईला पहिल्यांदा दिसला तो भावाचा चुरगळलेला शर्ट आणि गालाची हाडं.

"एकट्यानं राहून काय दशा करून घेतलीस! थांब, यांना विचारते. अहो, यानं इथंच राहायला यावं ना?"

लाल दिवा लागला. या वेळी तर शिंप्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

वायरमन खिडकीतून ओरडला, "मोटर बंद करा!" दिवे विझले. "लावा!" लागले.

"बघितलंस? मोटर आहे ती. पहिल्या दिवसापासून खोटं बोललो मी, ताई."

ताईनं मीटर पदरानं पुसलं. "म्हणजे ऑपरेशनही तूच घडवून आणलंस?"

"हो."

"मी तुझं ऐकलं असतं का रे? नसतंच. हे त्यांना ठाऊक, म्हणून तुला शिंप्याकडे धाडलं. आणि तारेतून नाही तर कशातून बोलणार ते? तोंड राहिलंय का त्यांना?"

राहायला यायला तो नाही म्हणाला, तर तिनं ताट बाजूला सारलं. दोन दिवस सारलं. तिसऱ्या दिवशी तो बॅग घेऊन आला. ताईनं त्याचा पलंग त्या भिंतीलगतच टाकला.

महिनाभरानं एका सकाळी लॉन्ड्रीतून फोन आला, यंत्रं बंद पडलीत, लगेच या. वायरमननं बूट चढवले, हत्यारांची पिशवी उचलली.

"थांब," ताई म्हणाली, "विचारून सांगते."

ती आत गेली. समोरचं दार सताड उघडं होतं. ना कडी, ना कुलूप. जिन्यावरून वारा येत होता. तो उंबऱ्याशी उभा राहिला, पण पाय काही बाहेर पडेना. लॉन्ड्रीतून पुन्हा फोन आला, वाजून वाजून थांबला.

"बस रे जरा," आतून ताईचा आवाज आला. "अजून काही बोलत नाहीत."

वायरमननं पिशवी खाली ठेवली आणि बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.