गच्चीवरचा रूळ

पहाटे पाचला खंडेराव उठायचे, खांद्यावर हातोडा टाकायचे आणि एकलहऱ्याच्या बाजूनं रुळांवर चालू पडायचे. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, हे त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. रेल्वेत ते चावीवाले. आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासायचा, रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी लोखंडी चावी जिथं ढिली असेल तिथं ठोकून बसवायची. छत्तीस वर्षं हेच केलेलं. दोनदा पोलिसांनी घरी आणून सोडलं. दुसऱ्या वेळी तर गाडी त्यांच्यापासून हातभरावरून गेली होती.

"आता बास," ओझरच्या कारखान्यातून आलेला मुलगा शेखर म्हणाला. "उद्यापासून बाबांच्या खोलीला बाहेरून कुलूप."

"कुलूप? माणूस आहे का गुरं, कोंडून घालायला?" सिंधुबाई कडाडल्या. "महिनाभर थांब. तोवर मी दारात आडवी झोपते. तुझ्या बापाला घरात रमवलं नाही तर मग खुशाल लाव तुझं कुलूप!"

बाईंनी अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं स्विच जोडलेले. तांदळाएवढे स्क्रू बसवायची बोटांना सवय. त्यांनी ठरवलं, नवऱ्याला रूळ हवाय ना, मग रूळ गच्चीवरच आणायचा. फॅब्रिकेशनवाल्या योगेशकडून सळ्या आणल्या. बाभळीचे बोटभर स्लीपर कापून जळकं ऑइल पाजलं, खडी रव्याच्या चाळणीनं चाळली. पत्र्यातून नखाएवढ्या चारशे चाव्या कापल्या आणि एकेक कानशीनं घासली. बोटांची चाळण झाली. निम्मं काम झाल्यावर कळलं, दोन सळ्यांमधल्या अंतरात सुताचा फरक पडलाय. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, कोण बघतंय! पण बघणारा कोण आहे हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. सगळं उपटलं आणि पुन्हा पहिल्या स्लीपरपासून सुरू केलं.

महिन्याच्या शेवटी वीस फुटी रूळ तयार झाला. हुबेहूब, अगदी तेलाच्या डागांसकट. खंडेराव उकिडवे बसले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक चावी नखानं वाजवून पाहिली. बाईंचा जीव नुसता टांगणीला.

"सगळं टाइट," ते उठत म्हणाले. "इथं काम नाही." आणि हातोडा उचलून जिना उतरायला लागले.

बाईंनी धावत जाऊन दार अडवलं आणि तिथंच रडू फुटलं. मेलं, एवढं जीव ओतून केलं आणि पाच मिनिटांत निकाल! रडता रडताच त्यांनी कपाळावर हात मारला. अगं बाई, चावीवाल्याला सगळाच रूळ घट्ट दिला तर तो बिचारा करणार काय?

दुसऱ्या दिवशी खंडेराव अंघोळीला गेले तशी बाईंनी पक्कड घेतली आणि आपल्याच हातानं बसवलेल्या तीस चाव्या ढिल्या केल्या.

"बघा, बघा! रात्रीच्या मालगाडीनं काय दशा केली!" खंडेराव गरजले. मोठा हातोडा कोपऱ्यात गेला, बाईंची छोटी हातोडी हातात आली आणि दुपारपर्यंत माणूस जागचा हलला नाही. तेव्हापासून हाच नेम झाला. पहाटेचं बाहेर पडणं बंद झालं. शेखरनं आणलेलं कुलूप पिशवीतून निघालंच नाही.

तीन महिने असे गेले. मग एका सकाळी नळाचं पाणी मध्येच गेलं आणि अंगावर साबण तसाच घेऊन, टॉवेल गुंडाळून खंडेराव वर आले. समोर सिंधुबाई, हातात पक्कड. झालं, संपलं सगळं, आता हे रुसून रस्त्याला लागणार.

खंडेरावांनी तिच्या पट्ट्या बांधलेल्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं.

"इतक्या नको ढिल्या करत जाऊ, सिंधू," ते हळूच म्हणाले. "पाच-सहा पुरे. कंबर धरते माझी."

गेल्या दिवाळीपासून त्यांच्या तोंडी तिचं नाव आलं नव्हतं. बाईंच्या हातून पक्कडच गळाली.

"अहो, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

पण ते केव्हाच रुळापाशी बसले होते, आणि वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत ओळख उरली नव्हती.

"ओ बाई, बाजूला व्हा. गाडीची वेळ झाली."

बाई पदर तोंडाला लावून बाजूला झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोजून सहाच चाव्या ढिल्या केल्या.